बंदुकीचा परवाना वेगळा, बचावाचा हक्क वेगळा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: कोकणात गावाबाहेर आंब्याच्या बागेत घर आहे, घरात वयस्कर आईवडील असतात, आणि गेल्या काही महिन्यांत वाडीत घरफोड्या झाल्यात. वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची जुनी एकनळी बारा बोअरची (छर्रे झाडणारी) बंदूक आहे. मुलाला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. स्वतःच्या नावावर रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळेल का, तोपर्यंत वडिलांची बंदूक वापरता येईल का, आणि रात्री घरात शिरलेल्या चोरावर गोळी झाडली तर पुढे काय होतं. शिवाय अमेरिकेत असलेला भाऊ सांगतो की स्वतःच्या घरात घुसलेल्या माणसाला गोळी घालणं हा घरमालकाचा हक्कच असतो. ते भारतात लागू आहे का?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ, कारण बहुतेक माणसं अडकतात ती इथेच. बंदूक बाळगायची परवानगी मिळते शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्याखाली. ती सरकार देतं, अटी घालून देतं, आणि काढूनही घेऊ शकतं. स्वतःचा, दुसऱ्याचा किंवा मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क येतो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मधून. १ जुलै २०२४ पूर्वी हाच भाग भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. मजकूर जवळपास तोच आहे, त्यामुळे जुने निकाल आजही चालतात. हा हक्क प्रत्येकाला आहे, हातात बंदूक असो, काठी असो की काहीच नसो. परवाना असला म्हणून हा हक्क तसूभरही वाढत नाही. आणि परवाना नसला म्हणून तो जातही नाही.

अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेतच घातला. आपल्याकडे तो विचार झालाच नव्हता असं नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख होता, कारण १८७८ चा शस्त्र कायदा हा ब्रिटिशांनी हिंदी माणसाला निःशस्त्र ठेवण्यासाठी केलेला कायदा म्हणून लोकांच्या मनात सलत होता. संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली. तेव्हापासून भारतात बंदूक ही परवान्याची बाब आहे, मूलभूत हक्काची नाही. भावाला एवढं सांगा आणि त्याचा नियम इथे लावू नका.

आता वडिलांच्या बंदुकीबद्दल. ती तुम्ही वापरायची नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ मध्ये परवाना नसलेल्या माणसाला बंदूक हाताळायची सूट आहे, पण ती अगदी अरुंद आहे: परवानाधारक समोर असताना किंवा त्याच्या लेखी परवानगीने, आणि तीही फक्त दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी न्यायची असेल तर. वडील मुंबईला दवाखान्यात आणि बंदूक तुमच्या खोलीत, ही स्थिती त्यात बसत नाही. विनापरवाना बाळगणं म्हणजे कलम २५(१ब). २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आणि दंड आहे. परवान्यावर रिटेनर, म्हणजे धारकाच्या वतीने बंदूक बाळगणारा, म्हणून दुसऱ्याचं नाव चढवून घेता येतं. घरात दुसरा माणूस बंदूक हाताळणारच असेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे तसा अर्ज करावा.

समजा खरोखर दार तोडून कोयता घेऊन माणसं आत आली, वडील जमिनीवर पडले आणि तुम्ही त्यांची बंदूक उचलून झाडली. अशा वेळी गोळी झाडण्याचं कृत्य बचावाच्या हक्कात बसतं का, हा एक प्रश्न. बंदूक विनापरवाना हातात घेतली, हा दुसरा. पहिल्यात तुम्ही निर्दोष सुटू शकता आणि दुसऱ्याचं आरोपपत्र तरी येऊ शकतं. त्या क्षणापुरतं उचललेलं हत्यार आणि महिनोन्महिने ताब्यात ठेवलेलं हत्यार यात न्यायालय फरक करतं, पण तो युक्तिवाद खटल्यात करावा लागतो. तो आपोआप मिळत नाही.

वडिलांचं वय सत्तरच्या पुढे असेल तर याहून चांगला रस्ता आहे, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. शस्त्र नियमांतल्या नियम २५ नुसार परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा त्याने ती बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, यातलं जे आधी होईल तेव्हा ती बंदूक वारसाच्या नावावर परवाना करून देता येते. वडील हयात असतानाच. वारसाला वयाची, प्रशिक्षणाची, वैद्यकीय दाखल्याची आणि पोलीस पडताळणीची सगळी अट पाळावी लागते, पण "तुम्हाला बंदूक हवीच कशाला" या प्रश्नावर अर्ज अडकत नाही. तुमच्या जागी मी आधी हाच अर्ज करायला सांगेन.

याची दुसरी बाजू फार गंभीर आहे. परवानाधारक वारला की त्या दिवसापासून घरातली बंदूक बेकायदा ताब्यात असते. कोकणात आणि गोव्यात कितीतरी घरांत आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर तशीच पडून असते. "कुणी वापरत नाही" हे उत्तर कायद्याला चालत नाही. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची, आणि मग वारसाचा अर्ज करायचा. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, बोअर, नळीची लांबी आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. ठाण्यातल्या मुद्देमाल खोलीत वर्षानुवर्षं पडलेल्या बंदुका गंजतात, दस्त्याचं लाकूड फुगतं, आणि पुढे "ही आमचीच का" असा वाद होतो. शस्त्रविक्रेत्याकडे भाडं पडतं, पण बंदूक तेल लावून ठेवली जाते.

आता नवीन परवाना. कायद्याने दोन पायऱ्या केल्या आहेत आणि त्या लक्षात घेऊन अर्ज करायला हवा. कलम १३(३) च्या पहिल्या भागात, संरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, किंवा शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली असेल, तर अधिकाऱ्याने परवाना द्यावा अशी भाषा आहे, अर्थात कलम १४ मधली नकाराची कारणं लागू नसतील तर. दुसऱ्या भागात बाकीची हत्यारं येतात, त्यांत रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूलही आलं. तिथे अर्जदाराकडे "योग्य कारण" आहे याची अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. म्हणजे एकाकी घराच्या रक्षणासाठी बारा बोअर मागणाऱ्याची बाजू कायद्यात मुळातच भक्कम असते. रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला डोंगर चढावा लागतो. तरी कितीतरी अर्ज रिव्हॉल्व्हरचेच असतात, कारण ते कमरेला लावता येतं. घराच्या संरक्षणासाठी ते कमी उपयोगाचं हत्यार आहे. घाबरलेल्या, सराव नसलेल्या हाताने अंधारात .३२ रिव्हॉल्व्हरने नेम साधणं अतिशय अवघड आहे, आणि चुकलेली गोळी पत्र्यातून, काचेतून, पातळ भिंतीतून शेजारच्या खोलीत जाते.

अर्ज कुणाकडे करायचा? पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जिल्हादंडाधिकारी म्हणून. अर्जाचा नमुना ए-१. सोबत ओळख आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला, हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. वय किमान २१. नैतिक अधःपतनाच्या किंवा हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यावर पाच वर्षं, आणि चांगल्या वर्तणुकीचा जामीन लिहून दिलेल्याला त्याची मुदत संपेपर्यंत, परवाना मिळत नाही. नियमांनुसार पोलीस अहवाल तीस दिवसांत यायला हवा आणि अहवाल आल्यावर साठ दिवसांत निर्णय. प्रत्यक्षात अर्ज पोलीस ठाणं, उपविभागीय अधिकारी, विशेष शाखा, अधीक्षक कार्यालय असा फिरत राहतो. मुदत संपल्यावर कलम १३ ची आठवण करून देणारं लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. अहवाल वेळेत आला नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय घ्यायची मुभा कायद्याने अधिकाऱ्याला दिलेली आहे, हे पत्रात लिहा.

अर्ज बुडतो तो कारणाच्या रकान्यात. "स्वसंरक्षणासाठी" एवढंच लिहिलं की ठाण्यातून ठरलेला शेरा येतो: अर्जदाराच्या जीविताला धोका असल्याचं दिसून येत नाही. तुमच्या बाबतीत काय जोडता येईल ते पाहा. वाडीतल्या घरफोड्यांच्या गुन्ह्यांचे क्रमांक आणि तारखा. घरापासून पोलीस ठाण्याचं आणि सर्वात जवळच्या शेजाऱ्याचं अंतर. हंगामात आंब्याच्या व्यवहाराची रोकड घरात राहत असेल तर त्याच्या पावत्या. घरातल्या माणसांची वयं. कधी धमकी आली असेल तर अदखलपात्र नोंदीची प्रत. तोंडी तक्रारीला काडीची किंमत नाही. रानडुक्कर किंवा माकडांचा उपद्रव असेल तर तलाठी आणि वनखात्याचे नुकसानीचे पंचनामे वेगळे लावा, आणि शेतीसंरक्षण हे कारण स्वतंत्र लिहा; दोन कारणांची खिचडी करू नका. मालमत्ता किती आहे यावरून मात्र कुणाला नाकारता येत नाही, कलम १४(२) तसं स्पष्ट सांगतं.

प्रलंबित गुन्हा लपवू नका. किरकोळ भांडणाचा जुना गुन्हा सांगितला तर निभावतं; लपवला आणि पडताळणीत निघाला तर खोटी माहिती दिल्याचं कारण होतं, आणि परवाना मिळून गेला असला तरी कलम १७ खाली तो रद्द होतो.

नकार आला तर कारणं लेखी मागा. ती नोंदवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. "सार्वजनिक हिताच्या दृष्टीने" एवढ्या एका ओळीवर नाकारलेले आदेश अपिलात टिकत नाहीत. अपिलाची मुदत तीस दिवस. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर महाराष्ट्रात विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य सरकारच्या गृह विभागाकडे.

इथे धोरणाबद्दल एक मत ठामपणे मांडतो. परवाने सैल करा असं माझं म्हणणं नाही. दोन हत्यारांची मर्यादा २०१९ मध्ये आली ती योग्यच आहे. पण ज्याला नियमाने उत्तर मिळायला हवं त्याला वर्ष-दीड वर्ष ताटकळत ठेवायचं आणि त्याच तालुक्यात ज्याची ओळख आहे त्याला झटपट परवाना द्यायचा, याने माणसं कायद्यापासून तुटतात. गावठी कट्टा विकत घेणारे सगळे गुंड नसतात. काही घाबरलेले व्यापारी असतात. कट्टा मात्र घेऊ नका. नळी साध्या पाइपाची असते, काडतुसाचा दाब सहन होत नाही, आणि कित्येकदा तो झाडणाऱ्याच्याच हातात फुटतो. वर कलम २५ आहेच.

परवाना हातात आला की तो वाचा. कुणी वाचत नाही. 'वैधतेचं क्षेत्र' या रकान्यात महाराष्ट्र लिहिलं असेल तर बांद्याहून पत्रादेवीचं नाकं ओलांडून गोव्यात बंदूक नेणं हा भंग आहे, कलम ३० खाली गुन्हा. एकमेव ओळख क्रमांक परवान्यावर हवाच. काडतुसांची एका वेळची आणि वर्षाची मर्यादा लिहिलेली असते, ती बाळगा. परवान्याची मुदत आता पाच वर्षं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधी. घरात बंदूक रिकामी, कुलपात. काडतुसं दुसऱ्या कुलपात. सार्वजनिक ठिकाणी ती परजणं, मिरवणं नियमाने मना आहे. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढणं २०१९ पासून कलम २५(९) खाली स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

निवडणुकीत सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करायच्या, ही जुनी पद्धत सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्यातल्या शेतकऱ्यांना फार जाचते, कारण डुकरं आचारसंहिता पाळत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं की सरसकट आदेश नको. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करावा. जामिनावर असलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत गुंतलेले यांची शस्त्रं जमा करावीत. आणि निकालानंतर आठवडाभराने ती परत करावीत. जमा करण्याची नोटीस आली तर लगेच समितीकडे लेखी सवलत मागा आणि शेतीसंरक्षणाचा परवाना, पंचनामे जोडा. नोटीस आली असताना बंदूक घरात ठेवून वाद घालू नका. आधी जमा, मग वाद.

आता मूळ प्रश्न: रात्री चोर घरात.

न्याय संहितेच्या कलम ४१ ने मालमत्तेच्या बचावासाठी समोरच्याचा जीव जाईपर्यंत बळ वापरायला चारच प्रसंगी मोकळीक दिली आहे. जबरी चोरी; सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी; राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या जागेला आग लावणं किंवा स्फोटकाने उडवणं; आणि अशी चोरी, नासधूस किंवा घुसखोरी, जिच्यात प्रतिकार केला नाही तर मृत्यू किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटते. अंगावरच्या हल्ल्यासाठी कलम ३८ ची यादी वेगळी आहे: मृत्यूची भीती, गंभीर दुखापतीची भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, सुटकेचा मार्ग नसलेली कोंडी, आणि ॲसिड हल्ला.

पण या दोन्ही कलमांवर कलम ३७ बसलेलं आहे, आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत. त्यात दोन अटी आहेत. सरकारी यंत्रणेची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हक्क नाही. आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायचा हक्क कधीच नाही. म्हणजे रात्रीची घरफोडी आहे म्हणून दिसेल त्याला गोळी, असं नाही. झोपलेल्या घरात कुलूप तोडून आलेला, हातात पहार असलेला, तुमच्याकडे चालून येणारा माणूस ही एक गोष्ट. बॅटरीचा झोत पडताच हातातलं टाकून मागच्या दाराने पळत सुटलेलं पोर ही दुसरी. घरफोडीत तुमचा हक्क घुसखोरी चालू आहे तोपर्यंतच चालतो. तो अंगणात उतरून पळायला लागला की संपला. पळणाऱ्याला पकडणं, गाठोडं हिसकावणं चालतं. पाठीत गोळी चालत नाही. आणि बागेतून आंब्याच्या पेट्या उचलून नेणारा हा साधा चोर आहे. तिथे कलम ४२ लागतं, म्हणजे मृत्यूपेक्षा कमी इजेपर्यंतच हक्क.

न्यायालयं मात्र निर्दयपणे मोजत नाहीत, हेही सांगायला हवं. समोर कुऱ्हाड उगारलेली असताना माणसाने सोन्याच्या तराजूत तोलून प्रतिकार करावा अशी अपेक्षा नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने वारंवार घेतली आहे. घाव अंगावर पडेपर्यंत थांबायची गरज नाही. वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो. २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात जमिनीच्या वादात वडिलांच्या डोक्यावर गंडासा (लांब दांड्याचं धारदार हत्यार) घातला गेल्यावर मुलाने परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली होती. उच्च न्यायालयाने दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं आणि हल्ला होत असताना नागरिकाने भेकडासारखं पळून जावं अशी कायद्याची अपेक्षा नाही असं स्पष्ट केलं. याउलट १९७४ चा उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध राम स्वरूप पाहा. बदायूंच्या मंडईत खरबुजाच्या खरेदीवरून बाचाबाची झाली, मंडळी घरी गेली, आणि सुमारे तासाभराने बंदूक, चाकू आणि लाठ्या घेऊन परत आली. बंदूक चालवणाऱ्याचा बचाव फेटाळला गेला, कारण हा हक्क हल्ला परतवण्यासाठी आहे, सूड घेण्यासाठी नाही. दोन्हीकडे बंदूक होती. फरक पडला तो वेळेने.

मर्यादा ओलांडली गेली तर काय? हेतू बचावाचा होता, सद्भावनेने केलं पण गरजेपेक्षा जास्त झालं, तर कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादाने खून हा सदोष मनुष्यवध होतो. शिक्षा कलम १०५ खाली, पाच ते दहा वर्षं किंवा जन्मठेपही. म्हणून "फार तर थोडं जास्त झालं असं म्हणतील" या भरवशावर राहू नका.

खटल्यात तुमची जबानी असते, पण निकाल लावतात अंतर आणि दिशा. बारा बोअरचं काडतूस फुटलं की छर्रे पसरत जातात. साधारण मीटरभरातून झाडलं तर अंगावर एकच मोठं भोक पडतं. दोन मीटरच्या आसपास कडा कातरल्यासारख्या होतात आणि सुटे छर्रे दिसायला लागतात. चार मीटरच्या पुढे वेगवेगळी भोकं. अगदी जवळून असेल तर काजळी आणि दारूच्या कणांचे ठिपके त्वचेवर राहतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळा तीच बंदूक, तशीच काडतुसं वापरून निरनिराळ्या अंतरांवरून कापडावर बार काढते आणि जखमेशी जुळवते. "तो अंगावर आला होता" असं तुम्ही म्हणालात आणि छर्रे हातभर पसरलेले, तेही पाठीत, तर साक्षीदाराची गरजच उरत नाही. उलट खरंच तो दोन हातांवर होता, तर हाच पुरावा तुम्हाला वाचवतो.

बचावाचा हक्क सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते, पण फिर्यादी पक्षाइतकी कडक नाही. तुमची बाजू जास्त संभवनीय आहे एवढं दिसलं तरी पुरतं. ते दिसावं म्हणून घटनेनंतरचा पहिला तास महत्त्वाचा. ११२ ला फोन तुम्हीच करा, १०८ ला रुग्णवाहिका तुम्हीच बोलवा; कॉलची वेळ नोंदली जाते आणि ती तुमच्या बाजूची साक्ष ठरते. बंदूक खाली ठेवा, पुसू नका, धुऊ नका. तुटलेलं कुलूप, पहार, चोराची चप्पल, झाडलेलं काडतूस, काही हलवू नका. तुम्हाला ओरखडा जरी उठला असेल तरी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्या. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा फिर्यादीला देता आला नाही तर त्याचा मोठा फायदा होतो. पोलिसांना मोजकं, खरं सांगा आणि सविस्तर जबाब वकिलाशी बोलून द्या. "मी झाडलीच नाही, आपोआप सुटली" असं घाबरून सांगितलेलं खोटं पुढे फार नडतं. गुन्हा नोंदला जाईल, बंदूक जप्त होईल, परवाना निलंबित होईल; हे सगळं तुम्ही दोषी नसलात तरी होतं, त्याने हादरून जाऊ नका.

हवेत इशाऱ्याचा बार काढावा का, असं सगळेच विचारतात. कायद्यात त्याला वेगळं संरक्षण नाही. वस्तीजवळ तो निष्काळजी गोळीबार ठरू शकतो. आरडाओरडा करा, दिवे लावा, आतल्या खोलीचं दार लावून घरच्यांना एका जागी आणा, फोन करा. तरीही तो दार फोडून आत येत असेल, तर आता वेळ नव्हता आणि मार्ग नव्हता हे सांगायची तुमची बाजू उभी राहते.

बागेच्या कुंपणात चोरांसाठी किंवा डुकरांसाठी थेट वीज सोडायचा विचार मात्र मनात आणू नका. बचावाचा हक्क समोर असलेल्या धोक्यासाठी आहे. रात्रभर वाट पाहणारी तार चोर, शेजारी आणि शाळकरी पोर यांत फरक करत नाही. अशा तारेने माणूस गेला तर मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, आणि विजेची चोरी वेगळी. बॅटरीवर चालणारं, क्षणभर धक्का देऊन सोडणारं झटका मशीन वापरा. वन्यप्राण्यावर गोळी झाडायलाही पिकाचं नुकसान एवढं कारण पुरत नाही, वनखात्याची लेखी परवानगी लागते. अंगावर आलेल्या प्राण्यापासून जीव वाचवताना तो मेला तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ११(२) ची सूट आहे, पण मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता होतो. वनखात्याला कळवा, हात लावू नका.

कोयत्याबद्दलही एक ओळ. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. शेतातला कोयता शेतात चालतो. गाडीच्या सीटखाली ठेवलेला, तोही पोलिसांचा मनाई आदेश चालू असताना, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ आणि १३५ खाली अडकवतो. मिरपुडीच्या फवाऱ्याला परवाना लागत नाही, आणि आईवडिलांच्या उशाशी ठेवायला तो बंदुकीपेक्षा शहाणपणाचा आहे.

शेवटी भावाचा मुद्दा. अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या हेलर आणि २०२२ च्या ब्रुएन निकालांनी घरात आणि घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला. ब्रुएनमध्ये न्यूयॉर्कची "विशेष कारण दाखवा" ही अट रद्द झाली. आपलं कलम १३ त्याच धाटणीची अट घालतं आणि ती इथे पूर्ण वैध आहे. पण तिथेही हक्क सगळ्यांना सारखा नाही. भाऊ एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असेल तर तिथल्या संघीय कायद्याने त्याला बंदूक किंवा काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकाला ती मनाई नाही. मित्राबरोबर गोळीबाराच्या मैदानावर भाड्याची बंदूक हातात घेणं हेसुद्धा बाळगणंच धरलं जाऊ शकतं, आणि त्याचा फटका थेट व्हिसाला बसतो.

आणि तो इकडे येताना बॅग नीट झटकून यावी. तिथल्या मैदानावरून खिशात राहिलेलं एखादं जिवंत काडतूस मुंबई किंवा गोव्याच्या विमानतळावर क्ष-किरण यंत्रात दिसतं आणि शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदला जातो. जाणीवपूर्वक ताबा नव्हता या मुद्द्यावर उच्च न्यायालयं असे गुन्हे रद्द करतात, पण तोवर परतीचं विमान चुकलेलं असतं आणि व्हिसाच्या पुढच्या अर्जात "कधी अटक झाली होती का" या प्रश्नाचं उत्तर बदललेलं असतं.